डेक झाला की

९ मार्च, रविवार

देवदार आला. टेम्पोवाल्याने फळ्या मागच्या अंगणात अशा ओतल्या की खडीच आणली असावी. मी ओरडलो, तो हसला आणि बायको म्हणाली, "आता तुमचं लाकूड आणि तुम्ही." एवढं बोलून ती आत गेली, पण जाताना एक फळी उचलून तिने वास घेतलेला मी पाहिला. वास आहेच तसा. घरभर नव्या पेन्सिलीला टोक काढल्यासारखं वाटतंय.

हा खटाटोप कशासाठी ते एकदा लिहून ठेवतो. माझे वडील, अण्णा, पडले तेव्हापासून चाकांच्या खुर्चीत आहेत. पुढचं दार उघडलं की थेट रस्ता आणि अंगावर येणाऱ्या गाड्या. मागच्या दाराला तीन पायऱ्या आणि खाली अंगण, तेही नुसती धूळ. त्यामुळे दवाखाना सोडला तर अण्णा थंडीपासून घराबाहेर पडलेले नाहीत. मागच्या दाराच्या जाळीपाशी खुर्ची लावून बघत बसतात. ऊन टेकडीआड गेलं की विचारतात, "आज बाहेर?"

म्हणून ठरवलं, दाराच्या पातळीला लाकडी डेक करायचा. खुर्ची उंबऱ्यावरून सरळ बाहेर. साठलेली सगळी रजा काढली. आयुष्यभर ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढले, एक तरी गोष्ट स्वतःच्या हातांनी करून बघावी.

वखारवाल्याने बजावलंय, "साहेब, ही फळी थंड, ओल्या हवेतून आलीय. तुमच्याकडे सगळं कोरडंठाक. तिला इथली हवा खाऊ द्या, आक्रसायचं तेवढं आक्रसू द्या, मग ठोका. घाई केलीत तर रडवेल तुम्हाला."

मी म्हटलं, घाई कोणाला आहे?

१० मार्च

सकाळभर फळ्या रचल्या. भिंतीच्या सावलीत, एकावर एक, दोन थरांमध्ये बारीक पट्ट्या ठेवून, म्हणजे वारा खेळतो. टोकांना मेण फासलं, नाहीतर ती आधी तडकतात. अण्णा जाळीतून बघत होते.

"आज बाहेर?"

"डेक झाला की, अण्णा."

"आणि डेक कधी?"

"लाकूड वाळलं की."

"आणि त्याआधी मीच वाळलो तर?"

अण्णांचं बोलणं हे असं. शिंपीकाम केलं जन्मभर, पण कात्रीपेक्षा जीभ जास्त चालली. गिऱ्हाइकाचं पोट सुटलं असेल तर ते म्हणायचे, "शेठ, कापड तेवढंच आहे, तुम्ही जरा जास्त झालात." आमच्या घरात सरळ बोलायची पद्धतच नाही. मी उशिरा उठलो की "उठा साहेब, गाडी दारात उभी आहे", आणि नापास झालो तेव्हा "या साहेब, हार मागवलाय". अहोजाहो सुरू झालं की समजायचं, आज आपलं काही खरं नाही. तेच कौतुकाचंही होतं. कुठलं कधी, ते आपलं आपण ओळखायचं.

बायकोने रात्रीच्या जेवणात विषय काढला. "शेजारच्या काकांना हाक मारा. दोघांनी मिळून खुर्ची उचलली की झालं. तीन तर पायऱ्या."

"पाडलं म्हणजे?"

"उचलणार तुम्ही दोघं. पाडायला तिसरा कोण येणार आहे?"

मी म्हटलं, थोडे दिवस कळ काढा. एकदा डेक झाला की रोज बसतील. तिने माझ्या ताटात न मागता आणखी आमटी वाढली.

१६ मार्च

दुपारी लिहितोय. अकरानंतर अंगणात पाऊल ठेवता येत नाही. हातोडी उन्हात राहिली तर उचलताना चटका बसतो. म्हणून काम पहाटे आणि मग संध्याकाळी. संध्याकाळ म्हणजे नेमकी अण्णांची जाळीपाशी बसायची वेळ. त्याला इलाज नाही.

आज खालचे सिमेंटचे ठोकळे बसवले. शेजारचे काका बसचे ड्रायव्हर होते, आता निवृत्त आहेत. कुंपणावर कोपरं टेकवून मला सूचना देतात. "येऊ द्या, येऊ द्या, जरा डावीकडे, बस्स!" एक ठोकळा त्यांनी असा लावून घेतला की बस डेपोतच आणली. पाणसळ ठेवून पाहिली तर बुडबुडा बरोब्बर मध्ये.

२३ मार्च

धुळीमुळे तोंडाला फडकं बांधतो, डोळ्यांना मोठा चष्मा, डोक्याला टोपी. दाढी करणं सोडलंय. बायको म्हणते, आरशात बघून या, दरोडेखोर दिसाल.

आज संध्याकाळी तुळई कापत होतो. जाळीमागून आवाज आला, "मिस्त्री, पाणी हवं का?"

मला इतकं हसू आलं. किती दिवसांनी अण्णा रंगात आले! मी फडक्यातूनच म्हटलं, "चालेल, मालक." त्यांनी आत वळून हाक मारली, "सूनबाई, मिस्त्रींना पाणी दे गं, उन्हातलं काम आहे." बायको तांब्या घेऊन आली. ती हसत नव्हती. तिला वेळेवर हसता येत नाही, हे मी लग्नापासून बघतोय.

२९ मार्च

आता रोजचा खेळच झालाय. मी उंबऱ्याजवळ काम करत असलो की अण्णांच्या चौकशा सुरू.

"मिस्त्री, कुठले तुम्ही?"

"लांबचा आहे मालक. पोटासाठी आलो."

"घरी कोण कोण?"

"बायको आहे. वडील आहेत." मग मीही जरा सोडलं नाही. "वडील फार छळतात."

अण्णांनी मान हलवली. "म्हातारी माणसं छळतातच. सांभाळून घ्या. त्यांना काही नको असतं, जरा जवळ बसलेलं चालतं."

काय चेहरा ठेवला होता! नाटकात असते तर बक्षीस मिळालं असतं. मी हातची करवत खाली ठेवून हसलो, तेही हसले. थोड्या वेळाने आत बायकोला विचारताना ऐकलं, "आमचे साहेब आले का गं ऑफिसातून?" हा मला टोमणा. रजा घेऊन घरी बसलोय ना, म्हणून.

खरं सांगायचं तर गेल्या काही वर्षांत अण्णांशी इतका बोललो नव्हतो. काय बोलायचं ते मला कधी सुचत नाही. हातात करवत असली की बोलावं लागत नाही आणि शेजारी असल्यासारखंही होतं. मिस्त्री म्हणून जमतंय ते मुलगा म्हणून का जमत नाही कोण जाणे.

३० मार्च

बायको चहा देताना म्हणाली, "अण्णा चेष्टा करत नाहीत हो."

मी म्हटलं, "इतकी वर्षं झाली, तुला आमचं घर अजून कळलं नाही."

"डॉक्टरांकडे नेऊ या एकदा."

"कशाला? डॉक्टरचीही खिल्ली उडवतील. जाऊ या, डेक झाला की."

५ एप्रिल

सांगाडा उभा राहिला. हात मारला तर हलत नाही. मीच दोनदा वर उड्या मारून पाहिल्या.

फळ्या कशा टाकायच्या यावरून घरात वाद झाला. मला उभ्या हव्यात, दारापासून टेकडीकडे जाणाऱ्या. दारात उभं राहिलं की नजर फळीवरून सरळ टेकडीपर्यंत जाते. नकाशात फार देखणं दिसतं. बायको म्हणाली, "आडव्या टाका ना. खुर्चीची चाकं उभ्या फटीत गेली तर?" मी म्हटलं, फट पेन्सिलीएवढी असणार. एखाद्या फटीत पेन्सिल पडली तर तू उचल.

वखारवाल्याला फोन केला. तो म्हणाला, अजून थोडं थांबा, खालच्या थरातली फळी हाताला गार लागते का बघा. लागते थोडी. पण रजा संपत आली. आणि अण्णा रोज विचारतात. म्हणजे आता "आज बाहेर?" विचारत नाहीत. आता विचारतात, "मिस्त्री, कितपत आलं?"

१३ एप्रिल

झाला! शेवटचा स्क्रू सूर्य उगवायच्या आत बसवला. मग तेल चोळलं. लाकूड असं उजळलं की लालसर, मधाळ, मध्येच गडद रेघा. बायको उंबऱ्यात उभी राहून बराच वेळ बघत होती. "छान झालंय," म्हणाली. आमच्या घरात राहून ती अजून सरळ बोलते.

अण्णा म्हणाले, "वा मिस्त्री! कसब आहे तुमच्या हाताला. आमच्या मुलाला दाखवायला हवं."

मला फार बरं वाटलं. टोमण्यात का होईना, पण कौतुकच ते.

"बसायचं का मग आज?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, तेल वाळू द्या. चाकांचे डाग पडतील.

१६ एप्रिल

तेल अजून चिकट आहे. सावलीच्या बाजूला बोट लावलं की उठतं. बायको म्हणाली, पडू देत डाग. तिला काय, तिने घासलेलं नाही ते.

२० एप्रिल

लिहायची लाज वाटते.

गेले तीन दिवस गरम वारा सुटलाय. दाराच्या कड्याही तापतात. डेकच्या फळ्या त्यात आक्रसल्या. पेन्सिलीची फट बोटाची झाली, काही ठिकाणी दोन फळ्यांमधून खालची जमीन दिसते. ज्या हाताला गार लागत होत्या त्या सगळ्यात जास्त. दोन तर वाटीसारख्या वळल्या. आज संध्याकाळी रिकामी खुर्ची बाहेर ढकलून पाहिली. पुढची लहान चाकं उभ्या फटीत गेली आणि खुर्ची नाकावर पडली. अण्णा त्यात असते तर!

बायकोने एकदाही "मी म्हटलं नव्हतं का" म्हटलं नाही. तिने माळ्यावरची जुनी प्लायवूडची फळी काढून आणली. "हे टाका वर. वर सतरंजी घाला. आजच्या आज बसू देत त्यांना."

मी नाही म्हटलं. एवढ्या देवदारावर प्लायवूड! वर आणि सतरंजी! त्यापेक्षा सगळं काढून आडवं घालतो. म्हणजे खालच्या तुळयाही फिरवाव्या लागतील, आणि त्यांना जागा करायला त्या तीन पायऱ्या फोडाव्या लागतील. पण एकदाच काय ते नीट होईल.

"कोणासाठी नीट?" तिने विचारलं. मला प्रश्न नीट ऐकूच आला नाही, असं मी दाखवलं.

२१ एप्रिल

पायऱ्या फोडल्या. काकांनी कुंपणावरून बघितलं आणि पहिल्यांदाच काही सूचना दिली नाही.

२४ एप्रिल

आज संध्याकाळी तुळईचा एक अडकलेला बोल्ट सोडवत होतो. अण्णांचा आवाज आला, नेहमीपेक्षा वेगळा, पूर्वीचा.

"बटण, अरे ए बटण! ठेव ते खाली."

बटण हे माझं लहानपणचं नाव. शिंप्याचा मुलगा, दुकानात टेबलाखाली बसून बटणं गोळा करायचो, त्यावरून. कित्येक वर्षांत कोणी त्या नावाने हाक मारली नव्हती. मी वर पाहिलं. जाळीला कपाळ टेकवून ते माझ्याकडे बघत होते.

"ये, बस जरा. तुला एक सांगायचं राहिलंय."

मी म्हटलं, "आलोच अण्णा, एवढा बोल्ट निघू दे."

बोल्ट गंजलेला. तेल सोडलं, ठोकलं, पान्हा दोनदा निसटला. निघाला एकदाचा. पान्हा हातात तसाच घेऊन आत गेलो तर अण्णा खिडकीकडे तोंड करून बसले होते.

"काय सांगायचं होतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या पान्ह्याकडे. "कोणाला?"

"मला."

"तुम्हाला काय सांगणार मिस्त्री? तुमचं काम चांगलंय."

रुसले. मी लगेच गेलो नाही ना. उद्या विचारीन.

२५ एप्रिल

विचारलं. "काही नाही हो," म्हणाले. परत अहो. म्हणजे राग गेला नाही.

मला मात्र दिवसभर ती हाक ऐकू येतेय. बोल्ट काय, सकाळीही निघाला असता.

५ मे, सोमवार

रजा संपली. डेक अर्धवट, दारापुढे नुसता सांगाडा. सकाळी दाढी केली, अंघोळ करून ऑफिसचे इस्त्रीचे कपडे घातले आणि अण्णांना "येतो" म्हणायला गेलो.

त्यांचा चेहरा असा उजळला की मी दारातच थांबलो.

"अरे, आलास! किती दिवस लावलेस!" त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "ऑफिसवाले सोडत नाहीत का तुला घरी? सूनबाई, बघ कोण आलंय! बटण आलाय."

मी म्हटलं, "अण्णा, मी इथेच होतो."

"इथे कुठे? इथे तो मिस्त्री असतो. चांगला आहे बिचारा, बोलतो माझ्याशी. पण त्याच्यात आणि घरच्या माणसात फरक आहे ना." मग हळूच, कोणाला कळू नये असं, "तू आलास की बसू म्हटलं बाहेर. तुझी वाट बघतोय मी."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला होता. मी तिच्याकडे बघितलं आणि तिने नुसती मान हलवली.

ऑफिसला गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. टेबलावर नकाशा पसरून दिवसभर तोच एक जिना बघत बसलो.

६ मे

काल लिहिता आलं नाही ते लिहितो. मी महिना-दीड महिना वडिलांबरोबर खेळ खेळत होतो आणि ते खेळत नव्हते. "वडील फार छळतात" असं मी त्यांच्याच तोंडावर सांगितलं आणि त्यांनी एका परक्या माणसाची समजूत काढली. मी त्यावर हसलो, हातची करवत खाली ठेवून हसलो.

बायकोला विचारलं, तुला कधी कळलं? म्हणाली, "पहिल्याच दिवशी. पाणी मागितलं ना त्यांनी तुमच्यासाठी, तेव्हा. डोळे चेष्टेचे नव्हते."

"मग मला हलवून का नाही सांगितलंस?"

"सांगितलं. तुम्ही म्हणालात, डेक झाला की."

१० मे

डॉक्टरांकडे नेलं. पुढच्या दाराने, रिक्षाने. रस्त्यावरच्या गाड्यांना अण्णा इतके घाबरले की माझी बाही सोडेनात. डॉक्टर बाई तरुण होती, समजूतदार वाटली. तिने त्यांना वार विचारला, महिना विचारला. अण्णा म्हणाले, "डॉक्टरीणबाई, एवढं मोठं कॅलेंडर भिंतीवर लावलंय आणि मला विचारताय?" ती हसली. मीही हसणार होतो. मग तिने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, हे कोण? मी ऑफिसचा शर्ट मुद्दाम घातला होता. अण्णांनी बराच वेळ बघितलं आणि विषय बदलला.

बाहेर ती मला म्हणाली की असं हळूहळू वाढतं. मध्ये मध्ये स्वच्छ वेळा येतात, त्या कमी होत जातात. त्या वेळी जवळ असाल तर बरं. मी विचारलं, ते लवकर कळलं असतं तर? ती म्हणाली, थांबवता आलं नसतं. पण बोलून घेता आलं असतं.

घरी आल्यावर वाटलं, जाऊ दे तो डेक, काकांना बोलवू आणि खुर्ची उचलून खाली नेऊ. मागचं दार उघडलं. खाली पायऱ्या नाहीत. मीच फोडल्यात. उघड्या तुळया आणि त्यांच्यामध्ये मांडीभर खड्डा.

११ मे

पहाटेपासून काम. काका न बोलावता आले, शर्ट काढून कुंपणावर टाकला आणि तुळईचं दुसरं टोक धरलं. "आता सूचना नाहीत," म्हणाले, "आता नुसतं ठोकायचं." फळ्या आता उन्हाने पार वाळल्यात, आक्रसायला काही उरलेलं नाही. वाकड्या आहेत त्या तशाच बसवतोय. पाणसळ कुठेतरी पडलीय, शोधली नाही.

मध्ये अण्णांनी जाळीतून विचारलं, "मिस्त्री, हेच काम परत का करताय?"

"चुकलं होतं, मालक."

"होतं असं. मीही कितीदा उसवून परत शिवलंय. पण गिऱ्हाइकाला तारीख दिली असेल तर जीव जातो बघा."

आता फडकं बांधत नाही. धूळ गेली तर गेली नाकात. चेहरा दिसला तर ओळखतील, असं वाटतं. आज ओळखलं नाही.

१४ मे

ऑफिसातून आलो की कपडे न बदलता जाळीजवळ जाऊन बसतो, मग कामाला लागतो. "अण्णा, मी बटण." ते म्हणतात, "हो का? छान नाव आहे." सौजन्याने बोलतात. गिऱ्हाइकाशीही ते इतक्या सौजन्याने कधी बोलले नाहीत. एकदा तरी खवचट बोला ना अण्णा. नापास झालोय, हार मागवा.

१८ मे, रविवार

डेक झाला.

देखणा नाही. आडव्या फळ्या, तीनचार वाकलेल्या, एका कोपऱ्यात तडा, जुन्या स्क्रूची भोकं तशीच. तेलही लावलेलं नाही. खुर्ची त्यावरून खडखडत जाते, पण जाते.

संध्याकाळी अंघोळ केली, दाढी केली, ऑफिसचा पांढरा शर्ट घातला. बायकोने अण्णांचे केस विंचरले. ऊन टेकडीआड गेल्यावर मी जाळीचं दार उघडलं आणि खुर्ची उंबऱ्यावरून बाहेर काढली. चाकं फळ्यांवरून टकटक करत कडेपर्यंत गेली. लाकूड दिवसभराच्या उन्हाने अजून कोमट होतं. अण्णांनी चपला काढायला सांगितल्या आणि पाय फळीवर टेकवले.

"वा!" एवढंच म्हणाले. किती तरी वेळ टेकडीकडे बघत राहिले. वारा आला तसे त्यांनी डोळे मिटले.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मिस्त्री, आज नवे कपडे? काम संपलं वाटतं."

"संपलं मालक."

"मग बसा की जरा. आमच्या मुलाला वेळ नसतो."

मी त्यांच्या खुर्चीशेजारी फळीवर बसलो. बायको दारातून आत गेली, दिवा न लावता.

"त्याला आम्ही बटण म्हणतो," ते सांगू लागले. "शाळा सुटली की दुकानात यायचा. टेबलाखाली बसायचा. म्हणायचा, अण्णा, बाहेर जाऊ या. मी म्हणायचो, एवढा शर्ट झाला की. तो शर्ट झाला की दुसरा आलेलाच असायचा. दिवे मालवायच्या वेळी वाकून बघायचो, तर पोरगं चिंध्यांवर झोपलेलं, मुठीत बटणं. खांद्यावर टाकून घरी न्यायचो. एकदाही नेलं नाही हो त्याला बाहेर. त्याला सांगायचं राहिलंय, बाबा रे, माझं चुकलं. पण आमच्या घरात असं सरळ बोलता येत नाही. तुम्ही परके, म्हणून तुम्हाला सांगितलं."

मला ते टेबल आठवतं, त्याखालची मशीनची घरघर आठवते. मी बाहेर जाऊ या म्हणायचो ते मला आठवतच नव्हतं. ते त्यांनी इतकी वर्षं सांभाळून ठेवलं. त्या दिवशी, बोल्टच्या दिवशी, हेच त्यांना मला सांगायचं होतं. बटण म्हणून हाक मारून, तोंडावर, मला. ते मी घेतलं नाही, आणि आता ते माझ्या हाती आलं ते दुसऱ्याच्या नावावर.

मी म्हटलं, "त्याला राग नाही तुमचा."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी ओळखतो त्याला. त्याचंही तसंच झालंय. त्यालाही तुम्हाला हेच सांगायचंय."

अण्णा हसले. त्यांनी हात पुढे करून माझ्या खांद्यावर ठेवला. मला वाटलं, निरोपाचा. पण त्यांची बोटं शिवणीवरून सरकत दंडापर्यंत गेली, मग दुसऱ्या खांद्यावर तशीच, माप घेतात तशी.

"डावा उतरलाय तुमचा. दोन बोटं," ते म्हणाले. "आमच्या बटणचाही अस्साच आहे. त्याच्या शर्टात मी आतून पट्टी घालायचो, कोणाला कळू नये म्हणून. त्यालाही कधी कळलं नाही."

त्यांनी हात काढला नाही.

"तो आला की सांगा त्याला," अण्णा म्हणाले, "मी बाहेर बसलोय म्हणून."

"सांगतो," मी म्हटलं. आणि अंधार पडेपर्यंत आम्ही दोघंही तिथे त्याची वाट बघत बसलो.